दुपारच्या गाडीचे नऊ डबे

काचेआडच्या गाडीत पँट्रीचा डबा इंजिनाला चिकटून लावला होता, आणि ते मला सहन झालं नाही.

खरं तर मी घरी निघाले होते. यार्डातली सकाळची पाळी संपलेली, बुटांना तेलकट चिखल, वर रिपरिप पाऊस. रस्ता ओलांडताना त्या दुकानाकडे नजर गेली. तिथे फक्त छोट्या रेल्वेगाड्या मिळायच्या, वीतभर लांबीचे डबे आणि तेवढीच इंजिनं. काचेत सात डबे उभे होते. सगळे एका रंगाचे, नवेकोरे. आणि शेवटी गार्डाचा डबाच नाही.

बारा वर्षं मी हेच काम करते. कुठल्या गाडीला कुठले डबे, कुठल्या क्रमाने लावायचे ते ठरवायचं. मी तडक आत शिरले.

काउंटरमागे एक उंच तरुण डोळ्याला भिंग लावून एका डब्याचं छप्पर रंगवत होता. मान वर न करताच म्हणाला, "या ताई. कुणाला भेट द्यायचीय का?"

"नाही. तक्रार आहे."

आता त्याने वर पाहिलं. भिंगातला डोळा भलताच टपोरा दिसत होता.

"काचेतली गाडी चुकलीय," मी म्हणाले. "पँट्री मध्ये असते, म्हणजे वाढप्याला दोन्हीकडे सारखंच चालावं लागतं. इंजिनाला लागून पार्सलचा डबा. आणि गार्ड कुठाय? मागून पायी येतोय का?"

"संच असाच सीलबंद येतो. लोकांना असाच आवडतो."

"लोकांना आवडतो म्हणून गार्डाने नोकरी सोडायची?"

तो हसला. भिंग काढून ठेवलं, काचेची कडी उघडली आणि बाजूला सरकला. "मग तुम्हीच लावा."

काउंटरखाली एक खोकं होतं. त्यात फुटक्या संचांतले उरलेसुरले, कुणी न घेतलेले डबे. मी त्यातून एकेक उचलत गेले, तो माझ्या हातांकडे बघत राहिला... तासभर. घरी उशिरा पोचले तेव्हा आईला सांगितलं, गाडी लावत होते. अगदीच खोटं नव्हतं ते.

बुधवारी मला सुट्टी असते. पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

"शहरात छोट्या गाड्यांचं प्रदर्शन आहे," तो एकदा म्हणाला. "दोन महिन्यांनी. एक खरी गाडी करू या. तुमच्या यार्डातली, जशीच्या तशी."

"मग दुपारची गाडी कर... करा. बारक्या स्टेशनांवर थांबत जाते. तिचा फोटो कुणी काढत नाही."

"म्हणून तीच करू."

नऊ डबे लागणार होते. आम्ही ते असे निवडले की सोनाराने मान खाली घालावी. तिसरा डबा जुन्या बनावटीचा, लहान खिडक्यांचा, कारण तिथला नेहमीचा डबा दुरुस्तीला गेला तो वर्षभर परतलाच नव्हता, आणि त्याच्या जागी जुनाच धावत होता. सातवा उन्हाने विटलेला. तो रंग द्यायचा आणि ओल्या स्पंजने अर्धा पुसून टाकायचा. मी म्हणायचे, अजून. तो पुसायचा.

एकदा ड्युटीवर असताना सहज मान वर केली, तर पादचारी पुलावर तो उभा. दुपारच्या गाडीचे डबे बघून वहीत काहीतरी उतरवत होता. हात वगैरे केला नाही. नुसती वही उंच धरून दाखवली. मी चौथ्या डब्याचा नंबर दोनदा चुकीचा लिहिला त्या दिवशी.

मग एका बुधवारी, डब्याला चाकं बसवताना तो घाईत म्हणाला, "अगं, नीट धर ना..."

दोघंही थांबलो.

"धर?" मी म्हणाले.

"सॉरी. धरा."

"नाही, राहू दे. धर चांगलं आहे."

"मग आणखी एक," तो चाकाकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी ताई म्हणालो होतो. ते परत घ्यायचंय."

"त्यात तुझं काही चुकलं नाही. तू दहावीला होतास तेव्हा मी यार्डात रुजू झाले होते. सहा वर्षांनी मोठी आहे मी."

"मोजलंस?"

"माझं कामच मोजायचं."

"मग हे मोज. तू यायच्या आधी मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो. तू आलीस की—एकदाही नाही."

मी डबा घट्ट धरून ठेवला. दुसरं काय धरणार होते...

दादाच्या कानावर ते कुणीतरी घातलंच. बाबा गेल्यापासून घरातलं सगळं आपणच ठरवायचं असतं, असा त्याचा समज. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "खेळण्यातल्या गाड्या रंगवतो तो. तुझ्यापेक्षा लहान. हे कुठे जुळतं का?"

"तुला जुळवायला कुणी बसवलंय?"

"या बुधवारी तू तिकडे जाणार नाहीस."

मी मंगळवारीही गेले.

प्रदर्शन एका मोठ्या हॉलमध्ये होतं. मधोमध लांबच लांब रूळ, बोगदे, पूल. ते भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर होते. आयुष्यभर लोकांचे दात एका ओळीत आणले, आता डबेही तसेच हवे होते त्यांना. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"तिसरा आणि सातवा काढा," ते म्हणाले. "बाकी चालेल. लोक सुंदर गाड्या बघायला येतात, भंगार नाही."

"खरी गाडी अशीच असते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या दुकानात आमचेच सभासद येतात. जरा विचार करा."

तो सातव्या डब्याकडे बघत राहिला. दुकान त्याच्या काकांचं होतं, काका थकलेले, आणि गिऱ्हाईक खरोखरच या सभासदांचंच होतं. दोन डबेच तर होते. तो म्हणाला असता, काढू या, तर मी समजून घेतलं असतं... असं मी स्वतःला सांगत होते. समजून घेतलं नसतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "काढायचे तर नऊच्या नऊ निघतील."

"मग मोठ्या रुळांवर जागा नाही."

आम्ही गाडी उचलली आणि बाहेरच्या व्हरांड्यात, दाराजवळ एक घडीचं टेबल मांडलं. त्यावर मावेल एवढाच रुळांचा गोल. गाडी गोल गोल फिरत राहिली. येणारे लोक आम्हाला हॉलचे रखवालदार समजून आत जायचा रस्ता विचारत होते.

"पश्चात्ताप होतोय?" मी विचारलं.

"होतोय. मोठं टेबल आणायला हवं होतं."

दोनच्या सुमाराला पाळी संपवून आमचे यार्डातले लोक आले. कामाच्या कपड्यांतच, दहाबारा जण. मीच सांगितलं होतं, पण खरंच येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यात जुने फिटरकाका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. गाडी समोरून गेली. पुन्हा आली.

"अरे, ही तर आपली दुपारची," ते हळूच म्हणाले. मग तिसरा डबा समोर आला तसे आणखी वाकले. "याच्या दाराखाली पत्र्याचा तुकडा आहे बघा, जरा गडद. तो मी बदललाय. माझ्या हाताने." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"पुलावरून दिसतो," तो म्हणाला.

फिटरकाकांनी बाकीच्यांना हाताने जवळ बोलावलं. मग जो तो आपापला डबा शोधू लागला. कुणी दाखवत होतं आपण बदललेली खिडकी, कुणी आपण रंगवलेला नंबर. आतले लोक आवाज ऐकून बाहेर आले, आणि थोड्या वेळाने आत फार कुणी उरलं नाही.

अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. "व्हरांडा अडतोय. बरं, आणा गाडी आत. राहू द्या सगळे डबे."

"नको," मी म्हणाले. "आम्ही इथेच बरे आहोत."

यावेळी त्यांना माझ्याकडे बघावं लागलं.

त्याच गर्दीतून दादा पुढे आला. त्याचा चेहरा बघूनच कळलं, गाडी बघायला आलेला नव्हता.

"घरी चल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तमाशा नको."

"तमाशा नाही हा, प्रदर्शन आहे. आणि बरं झालं आलास, ओळख करून देते." टेबलाशी, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे मी बोट केलं. "याच्यावर माझं प्रेम आहे. सहा वर्षांनी लहान आहे, गाड्या रंगवतो, आणि आज त्याने दुकानाचं नुकसान पत्करलं पण एक डबा काढला नाही. लग्न करीन तर याच्याशी."

व्हरांड्यात नुसता चाकांचा आवाज उरला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. हे मी त्याला एकट्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"मला विचारलं असतंस आधी," तो शेजारून म्हणाला.

"विचारते. करशील?"

"पहिल्या दिवशी तक्रार घेऊन आलीस तेव्हाच हो म्हटलं असतं. तू गार्डाचंच बोलत बसलीस."

फिटरकाका खो खो हसले. दादा हसला नाही. "आईला काय सांगणार आहेस?"

"तुला सांगितलं तेच. फरक एवढाच, ती मला शेवटपर्यंत बोलू देईल."

दादा जिन्याकडे वळला. त्याच वेळी टेबलाच्या या बाजूने एक रंगाने माखलेला हात पुढे आला—सगळ्यांच्या देखत. मी तो धरला. दादाने पायऱ्यांवरून एकदा वळून पाहिलं तेव्हाही सोडला नाही.