मेइ-चिंगताईचं नाव निघत नाही

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

तैवानमधल्या ताइचुंगजवळ सायकलचे पेडल बनवणारा आमचा कारखाना. आमच्या पंचांगातला सातवा महिना, भुतांचा; मेलेली माणसं या महिन्यात परत येतात म्हणतात. त्यातली पंधरावी तिथी. दुपारचे अडीच.

हो, भर दुपारी!

मी त्सेंग वान-जू. कॉम्प्युटर विभागात असते. माझ्या आधी ते काम खो मेइ-चिंग बघायची. ती आदल्या वर्षी फेब्रुवारीत वारली, मी त्याच एप्रिलमध्ये लागले. तिला मी कधी पाहिलंसुद्धा नाही.

पण तिचं नाव ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

काही अडलं की स्टोअरचे पान काका सुरू. "मेइ-चिंगताई असती तर चहा निवायच्या आत झालं असतं."

"मग बोलवा की तिला!"

"सातव्या महिन्यात असं बोलू नये गं पोरी."

खरं सांगते, मी जळायचे. मेलेल्या बाईवर जळायचे.

त्या दिवशी यान साहेब म्हणाले, "उद्या सगळी माहिती नव्या सिस्टीममध्ये जाणार. पाचच्या आत काम सोडलेल्या आणि वारलेल्या माणसांची नावं काढून टाक. एवढं नीट केलंस तर विभागप्रमुख तू."

ते पद मेइ-चिंगचं होतं. दीड वर्ष साहेबांनी कुणालाच दिलं नव्हतं.

सगळे बाहेर भुतांसाठी मांडलेल्या नैवेद्याच्या टेबलाशी उदबत्त्या घेऊन उभे होते. मी एकटी सर्व्हरच्या खोलीत.

सर्व्हरवर हिरवी पुडी होती, मक्याच्या कुरकुरीत खाऊची. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतातच. हिरवीच लागते, आणि तारीख उलटायच्या आत बदलावी लागते. या पुडीवर मेइ-चिंगने पेनाने तारीख लिहिली होती. ती कधीच उलटून गेली होती, पण तिच्या हातची म्हणून कुणी हलवू देत नव्हतं.

मी ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. नवी ठेवलीच नाही.

मग तिचं नाव उघडलं आणि डिलीट दाबलं.

'काढता येत नाही. हे नाव ४३ नोंदींमध्ये वापरात आहे.'

बरं बाई! एकेक नोंद उघडून मी तिच्या जागी माझं नाव घालत गेले. तिचे पुरवठादार, तिच्या मंजुऱ्या, तिने बनवलेले तक्ते. सगळं माझं. काय गार वाटत होतं म्हणून सांगू!

पुन्हा डिलीट.

'काढता येत नाही. हे नाव १ नोंदीमध्ये वापरात आहे.'

डब्यात काहीतरी सळसळलं…

उंदीर असेल, म्हटलं.

ती शेवटची नोंद उघडली…

माझीच होती.

'शिफारस करणारी व्यक्ती: खो मेइ-चिंग. ९ मार्च.'

घाईघाईने तिथेही माझं नाव घातलं.

'स्वतःची शिफारस स्वतः करता येत नाही.'

मी धावत बाहेर गेले. "साहेब, मला तुम्हीच निवडलंत ना?"

"छे! मी दुसऱ्याच मुलाला घेणार होतो. मेइ-चिंगची शिफारस दिसली सिस्टीममध्ये. म्हटलं, इस्पितळातून लिहिली असेल बिचारीने."

"साहेब, मी अर्जच आठ मार्चला केला होता."

उदबत्तीची राख साहेबांच्या बोटांवर पडली, तरी हात हलला नाही.

"ती तर फेब्रुवारीत…" मी म्हणू लागले.

"गप्प!" पान काका ओरडले. "आज नाव नको घेऊस तिचं!"

मी परत आले.

कचऱ्याचा डबा रिकामा होता.

पुडी मशीनवर उभी होती… वर पेनाने लिहिलेली तारीख. अक्षर तेच. साल मात्र पुढचं.

स्क्रीनवर माझी नोंद उघडीच होती. तिच्या खाली शेरा दिसत होता. मघाशी तिथे काहीच नव्हतं, शपथ घेऊन सांगते.

'हुशार आहे. जरा हेवेखोर आहे, पण टिकेल. हिलाच घ्या.'

तरी शिफारशीत तिच्या जागी साहेबांचं नाव घालायला बोट पुढे गेलं.

मशीनवरची पुडी सळसळली…

मी बोट मागे घेतलं. तिचं नाव तसंच नव्या सिस्टीममध्ये गेलं. साहेबांनी त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. पद मला मिळालं. तेही तिच्याच शिफारशीवर, म्हणजे बघा! आजही विचार आला की भीती वाटते, आणि खोटं कशाला बोलू, जळफळाटही होतो.

आता चार वर्षं झाली. दरवर्षी नवी हिरवी पुडी मीच ठेवते, तारीखही मीच लिहिते.

यंदा माझ्या हाताखाली एक मुलगी लागली आहे. भलतीच हुशार. पान काका परवा म्हणाले, "ही पोर चहा निवायच्या आत काम करते हं!"

तिची शिफारस कुणी केली, ते उघडून बघायची माझी अजून हिंमत झालेली नाही.