हळदीचं कुलूप

तिसरं कुंडही गपगार पडलं तेव्हा डॉ. हेमांगी तळवलकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा कुंडात डोकावून पाहिलं. फरक काही पडला नव्हता. हिरवट पाण्यात जुन्या संगणकांच्या सर्किटपाट्या जशा टाकल्या तशाच तळाशी पडून होत्या. एक बुडबुडा म्हणून वर येत नव्हता.

"फेस नाही," आण्णासो चौगुले म्हणाले. सांगलीबाहेरच्या या संगणक-विल्हेवाट केंद्राचे ते व्यवस्थापक, आणि उघड्या डोळ्यांना जे दिसतंय ते मोठ्यानं सांगायची त्यांना सवय होती.

पुण्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं खपून हेमांगीबाईंनी हे धातुपाचक जिवाणू घडवले होते. संगणक उकलायचा, पाट्या कुंडात सोडायच्या. सहा तासांत जिवाणू त्यातलं तांबं, सोनं, कथिल सगळं फस्त करून गाळाच्या रूपात तळाशी बसवतात. धूर नाही, तेजाब नाही. पुण्यात चाळीस संगणकांवर चाळीस वेळा प्रयोग झाला आणि चाळीसही वेळा यशस्वी झाला. इथं मात्र सरकारी कचेऱ्यांतून चारशे संगणकांचा पहिला ढीग आला आणि तीन दिवसांत तीनदा भोपळा हाती लागला.

शुक्रवारी सरकारी परीक्षक परवान्यासाठी चाचणी बघणार होते. ती फसली तर केंद्राला टाळं, आणि हा ढीग पूर्वीसारखाच ओढ्याकाठच्या भट्टीवर जाणार होता. तिथं तारा जाळून तांबं काढतात. शकिला मुजावर या बाईंनी त्या भट्टीवर नऊ वर्षं काढली होती. आता त्या केंद्रात संगणक उकलणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या. खोकला तेवढा त्यांच्याबरोबर आला होता. "ढीग तिकडं गेला तर मीबी तिकडंच," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, कुणाला दोष न देता. हेमांगीबाईंच्या मनातून ते वाक्य जात नव्हतं.

मंगळवारी परीक्षक निंबाळकर कागदपत्रं बघायला आले. सडपातळ, शंकेखोर गृहस्थ. रसायनशास्त्राचे डॉक्टर होते, त्यामुळे त्यांना गुंडाळता येत नसे.

"पचनाचं शुक्रवारी बघू," ते म्हणाले. "मला चिंता आहे ती सुटकेची. तुमचे हे खादाड बाहेर पडले आणि माझ्या घरच्या फ्रीजच्या तारा खाऊ लागले, तर?"

"म्हणून तर कुलूप बसवलंय," हेमांगीबाई म्हणाल्या. या प्रश्नाची त्या वाटच बघत होत्या. "हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा स्पर्श झाला, की त्यांचं धातू पचवणारं जनुक बंद पडतं. कायमचं. शिवाय एक निजला की तो शेजाऱ्याला रासायनिक निरोप देतो, शेजारी पुढच्याला. पाण्यात तो निरोप झपाट्यानं पसरतो. चिमूटभर हळदीत अख्खं कुंड निजतं."

"हळदच का?"

"कारण उद्या जिवाणू सुटले तर औषध शोधत हिंडायला लागू नये. हळद प्रत्येक घरात असते."

"आणि संगणकात?"

"संगणकात हळद कशी असेल?" हेमांगीबाई हसल्या. निंबाळकरही हसले, आणि सुरक्षेच्या रकान्यात त्यांनी 'तत्त्वतः समाधानकारक' असं लिहिलं.

ते गेल्यावर तासाभरानं शकिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, साबण लागंल. तीन दिसांत तीन वड्या गेल्या."

"ग्रीस एवढं आहे का आत?"

"ग्रीस न्हाई ओ. हे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं मनगटापर्यंत पिवळीजर्द होती, आणि नखांत लाल. "जाळीच्या फटीत नुसता थर बसलाय."

हेमांगीबाईंनी त्यांचा हात धरला, नाकाशी नेला आणि मटकन खुर्चीत बसल्या. हळदीचा वास ओळखायला डॉक्टरेट लागत नाही.

"हे आलं कुठून?"

आण्णा आणि शकिलाबाई यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या माणसानं फारच सोपं काही विचारलं की पाहतात तसं.

"खंडेनवमीचं," आण्णा म्हणाले. "त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. सुतार करवत पुजतो, कचेरीतला माणूस दुसरं काय पुजणार? दहा वर्षं जुना संगणक म्हणजे हळदीकुंकवाचे दहा थर."

"पण पाट्या आत असतात, आण्णा."

"आतला पंखा ओढतोय की. आणि काही शिपाई लई मनापासनं करतात. झाकण काढून आत लावतात." त्यांनी जरा चाचरत विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेत करत न्हाईत व्हय?"

करत नव्हते. बारा वर्षांपूर्वी पूजेतली झेंडूची पाकळी एका महागड्या सूक्ष्मदर्शकात अडकली आणि हेमांगीबाईंनी सहीनिशी सूचना लावून प्रयोगशाळेतली पूजा बंद केली. तेव्हापासून घेतलेले आणि तिथंच जुने झालेले ते चाळीस संगणक महाराष्ट्रातले बहुधा शेवटचे कोरे संगणक होते, आणि नेमक्या त्यांच्यावरच त्यांनी आपलं संशोधन सिद्ध केलं होतं. लहानपणी वडिलांच्या टंकलेखन यंत्राला त्यांनी स्वतः हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. तरी अकरा वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

"धुऊन काढू," त्या म्हणाल्या.

"हळद धुऊन जाती का कवा?" शकिलाबाईंना आता धीर आला होता. "सदऱ्यावर आमटी सांडली तर मी उन्हात टाकती. दोन उन्हं खाल्ली की डाग उडतोय."

हेमांगीबाई ताडकन उठल्या. सूर्यप्रकाशात हळदीच्या रंगद्रव्याचा रेणू तुटतो. त्यावर त्यांच्याच प्रबंधात एक अख्खं प्रकरण होतं.

बुधवार आणि गुरुवार केंद्राच्या गच्चीवर चारशे संगणकांच्या पाट्यांचं वाळवण पडलं. एप्रिलचं ऊन, जुनी लुगडी अंथरलेली, आणि शकिलाबाईंच्या बायका तासातासाला पाट्या उलथून टाकत होत्या. आण्णांनी सवयीनं कावळे हाकलायला एक काठीही ठेवून घेतली.

शुक्रवारी निंबाळकर आले. हेमांगीबाईंनी नोंदी दाखवण्यासाठी आपला लॅपटॉप नवे जिवाणू भरलेल्या कुंडाच्या काठालगत मांडला आणि पाट्या सोडल्या. पाच मिनिटं काही झालं नाही. मग एक बुडबुडा आला, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता कुंड उतू जाणाऱ्या दुधासारखं फसफसलं.

"फेस आला," आण्णा म्हणाले. शकिलाबाई पदरात तोंड घालून खोकल्या की हसल्या, ते कळलं नाही.

फेस जरा जास्तच आला. ताज्या, उन्हात तापलेल्या पाट्यांवर जिवाणू तुटून पडले, बुडबुडे काठाशी फुटले आणि त्यांचे तुषार आसपास उडाले. तासाभरानं लॅपटॉपचा आलेख थरथरला आणि विझला. मग बिजागऱ्या विरघळल्या आणि पडद्यानं मान टाकली. त्यानंतर आतून बारीक करकर ऐकू येऊ लागली.

"हळद," हेमांगीबाई एवढंच म्हणाल्या.

आण्णांनी कोपऱ्यातल्या तबकातून चिमूट आणून लॅपटॉपवर टाकली. तबक केंद्रात कशाला होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती. करकर थांबली. लॅपटॉपचा डावा भाग शाबूत होता आणि उजव्या भागात प्लॅस्टिकच्या सालीखाली नुसता भुगा.

निंबाळकर चार पावलं मागं सरकले होते. त्यांनी सावकाश सगळीकडे पाहिलं. काठावरचा पंप चालू होता, वजनकाटा चालू होता, विजेचं खोकं चालू होतं. तुषार तर सगळ्यांवरच उडाले होते.

"बाकी कशाला काही झालं नाही. असं का?"

आण्णांनी मान खाली घातली. "सगळ्यांची पूजा झालीया साहेब, आल्या दिवशीच. मॅडमनी तेवढा लॅपटॉपला हात लावू दिला न्हाई."

निंबाळकरांनी घाईघाईनं खिशातून फोन काढला. त्यावर ओले थेंब होते, पण तो चालू होता. त्यांनी तो उलटा केला. पाठीवर एक पुसट पिवळा ठिपका होता.

"आमच्या घरी नवं काही आणलं की..." ते पुटपुटले आणि फोन परत खिशात गेला.

"नोंदी गेल्या," हेमांगीबाई म्हणाल्या. त्या बोलत होत्या परीक्षकांशी, पण बघत होत्या शकिलाबाईंकडे. "आजची चाचणी आता कागदावर दाखवता येणार नाही. चूक माझी आहे."

"कागद कशाला?" निंबाळकरांनी पेन उघडलं. "डॉक्टर, उजवा भाग हा पचनाचा पुरावा आहे आणि डावा भाग हा कुलपाचा. सुटकेची चाचणी कशी घ्यावी याचा मला तीन महिने घोर होता, तीही झाली. फक्त परवान्याला एक अट घालावी लागेल."

अट आठवडाभरानं लेखी आली. केंद्रातल्या प्रत्येक यंत्राला दरमहा हळद लावण्यात यावी, जबाबदारी: डॉ. हेमांगी तळवलकर, व्यक्तिशः.

हेमांगीबाईंनी नोंदवहीत तिचं नाव 'मासिक प्रतिबंधक लेपन' असं घातलं आणि पूजा हा शब्द वापरायला सक्त मनाई केली. आण्णांनी ती तंतोतंत पाळली. पहिल्या तारखेला त्यांनी नारळ आणला तो 'आघात-चाचणी' म्हणून, आणि तो फोडून सगळ्यांना वाटलाही.

पंप झाला, काटा झाला, खोकं झालं. शेवटी नवा लॅपटॉप उरला. हेमांगीबाईंनी त्याच्या झाकणावर हळदीचं बोट टेकवलं आणि तबक खाली ठेवू लागल्या.

"वरच्यावर लावून भागायचं न्हाई मॅडम," शकिलाबाई म्हणाल्या. त्यांनी एव्हाना पेचकस काढलाही होता. चार स्क्रू फिरले आणि झाकण उघडलं. "पंखा आत हाय."

हेमांगीबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग आत, मग चिमूट उचलून नीट पंख्याच्या कडेला लावली. हात जोडावेत असं काही अटीत लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनी जोडले, असं आण्णा अजून सांगतात. शकिलाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, मी स्क्रू बघत होते.