खिचडी आधी कोणी खायची?

अकोल्याच्या एका वस्तीत जाळपोळ झाली. घरं सोडून निघालेली माणसं शाळेत आसऱ्याला होती आणि आचल अमरावतीहून त्यांच्यासाठी टेम्पोभर खिचडी घेऊन आली होती. संचारबंदीच्या नाक्यावर एक उंचेला पोरगा टेम्पोत चढला. हातात स्वतःचं ताट.

"मी शालिकराम. शाळेचा रस्ता दाखवतो."

"अन् ताट कायले?"

"असू द्या ना..." तो हसला. हसू फारच छान होतं. म्हणूनच आचलला संशय आला.

शाळेत पोचल्यावर त्यानं पातेल्याचं झाकण काढलं, उपाशी लेकरांसमोर मांडी घातली आणि ताटभर खिचडी हाणायला सुरुवात केली.

"लाज नाही वाटत?" आचल कडाडली. "लेकरं उपाशी हायेत!"

"म्हणूनच खाऊन राहिलो. बाहेरच्या अन्नात जहर हाय, अशी अफवा उठली. मी जिवंत राहिलो तं हे जेवतात. सकाळी पोहे झाले, मंग पुऱ्या, आता तुमची खिचडी... मरणाचं भेव नाही मले, अपचनाचं हाय."

पण रांग हलेना. हा आता पडेल, मग पडेल, म्हणून सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. एक लेकरू पातेल्याकडे सरकलं, तशी आईनं त्याला मागं ओढलं.

"याचं काय पाहता?" पुढे उभी असलेली म्हातारी नसीमबानो म्हणाली. "हा तं गोटे बी पचवते! जिनं आणली, त्या पोरीले खाऊ द्या."

आचलला घाम फुटला. खिचडी तिनंच रांधली होती आणि तिचा स्वतःच्या स्वयंपाकावर भरवसा नव्हता. शालिकरामनं गुपचूप ताट पुढे सरकवलं. घास घेताना बोटाला बोट लागलं... दोघांनीही हात मागं घेतला नाही.

"खारट झाली का हो?" ती कुजबुजली.

"लई."

"मंग बोलले कावून नाही?"

"तुमी समोर होत्या ना—"

आचलचे कान लाल झाले. नसीमबानोनं दोघांना बारकाईनं न्याहाळलं.

"एकमेकाले जहर नवरा-बायको देतात," तिनं निकाल दिला. "हे तं अजून बिनलग्नाचे दिसतात. वाढ बेटा!"

तिची थाळी पुढे आली आणि तिच्यामागं सगळी रांग. लेकरं तोंडं वाकडी करत, पाणी पीत, पोटभर जेवली.

पातेलं रिकामं झाल्यावर शालिकरामनं विचारलं, "माह्यावर संशय हाय का अजून?"

"हाय."

"कायचा?"

"उद्या तुमी नुसते खिचडीसाठी येणार नाही... असा."

त्याला उचकी लागली. खिचडीची का आणखी कशाची, देव जाणे.

"बराबर हाय संशय," तो म्हणाला.