पिवळी टोपी, हिरवी टोपी

माझ्या माणसांसाठी आणलेलं हमसचं, म्हणजे वाटलेल्या छोल्यांच्या चटणीचं, ताट त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत उचललं आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वर मलाच म्हणाला, "तुमचं मागून येतंय." तेही हसत म्हणाला, म्हणून जास्त झोंबलं.

मी सहल घेऊन आले होते. माझी स्वतःची पहिली सहल. याआधी साहेबांच्या मागे फिरून पाण्याच्या बाटल्या वाटणं, एवढंच माझं काम. ही सहल धड पार पडली तर मी कायमची सहलप्रमुख, नाहीतर पुन्हा ऑफिसातल्या खिडकीशी बसून व्हिसाचे फोटो कापायचे, हे साहेबांनी निघतानाच बजावलं होतं. आणि एक मंत्रही दिला होता. चेहरे मोजत बसू नकोस, टोप्या मोज. आमच्या टोप्या पिवळ्याधमक, लांबून दिसणाऱ्या.

तर त्या परक्या शहरात, भूमध्य समुद्राकाठचं जेवण देणाऱ्या त्या टुमदार हॉटेलात भर दुपारी माझ्या पिवळ्या टोप्या घेऊन शिरले, तो आत आधीच हिरव्या टोप्या. हॉटेलवाल्याने एकाच वेळेला दोन सहली घेतल्या होत्या. आणि हिरव्यांचा सहलप्रमुख म्हणजे तो... ताट पळवणारा. आमच्या वाईटावर टपलेल्या दुसऱ्या कंपनीचा, हे टोपीवरून कळलंच.

हॉटेलवाल्याने शेवटी सगळी टेबलं जोडली आणि दोन्ही सहली सरमिसळ बसवल्या. गरम, फुगलेल्या पिटा रोट्या आल्या, भाजलेल्या वांग्याचं काहीतरी आलं, लिंबू आणि लसणाचा असा वास सुटला की माझा राग थोडा ढळला. थोडाच. माझ्या सहलीतल्या ठेकेदारकाकांनी, ज्यांचा जन्म बांधकामात गेला, हमस बोटावर घेऊन निरखलं आणि जाहीर केलं की ही भिंतीला लावायची पुट्टी आहे, दोन हात मारले की भिंत गुळगुळीत. समोर हिरव्या टोपीतल्या एक बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी काकांना नुसतं चष्म्यावरून पाहिलं. काकांनी गुपचूप ती पुट्टी खाल्ली, मग पुन्हा मागितली. त्यानंतर दोघांच्या गप्पा काही थांबेनात.

"माझी आत्या आहे ती," माझ्या शेजारची खुर्ची ओढत तो हळूच म्हणाला. "अख्खी बस मला घाबरते आणि मी तिला."

मी त्याच्याकडे न बघता पिटा मोडत राहिले. बघितलं असतं तर हसले असते.

"तुम्ही नेहमीच एवढ्या रागात असता, की आज माझ्यासाठी खास?"

"तुमच्यासाठी खास काही करायला माझं काय अडलंय?"

"मग हे ऑलिव्ह तरी घ्या. पहिल्यांदा कडूच लागतं..."

"आणि मग?" विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलंच.

"मग हात थांबत नाही," तो म्हणाला, आणि बशी माझ्याकडे सरकवली. त्याच्या मनगटावर उन्हाने रापलेली घड्याळाची रेघ होती. ती मी का बघत बसले, देव जाणे.

जेवणं झाली. दारात ही गर्दी, कोणाची छत्री, कोणाची पिशवी. मी बसच्या पायरीवर उभी राहून टोप्या मोजल्या. बरोब्बर भरल्या. सुटलो बाई एकदाचे, असं म्हणून मी ड्रायव्हरला खूण केली.

संग्रहालयाशी उतरताना शेवटच्या बाकावर एक पिवळी टोपी नाकावर ओढून कोणी झोपलं होतं. ठेकेदारकाकाच असणार म्हणून मी हलवलं. टोपी वर गेली... आणि खालून मुख्याध्यापिका आत्या निघाल्या. "आलं का संग्रहालय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

म्हणजे माझे काका कुठेतरी मागेच राहिले. माणूस हरवला की त्या क्षणी ऑफिसला कळवायचं, असा नियम. आणि कळवलं की मी पुन्हा खिडकीशी, कात्री घेऊन. ऑफिसचा नंबर काढला, तेवढ्यात फोनच वाजला.

"तुमचे काका माझ्या बसमध्ये आहेत," त्याचा आवाज. "हिरवी टोपी घालून. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तुमचा नंबर होता. मी तुमच्या ऑफिसला कळवलेलं नाही, कळवणारही नाही. माझी आत्या तुमच्याकडे आहे ना? तुम्हाला माझ्या ऑफिसला कळवायचं असेल तर... कळवा. चूक माझीही आहे."

कसला मूर्ख माणूस. प्रतिस्पर्धी कंपनीच्या बाईच्या हातात स्वतःची मान आपण होऊन देत होता. जेवणाआधीची मी असते तर खरंच कळवलं असतं, खोटं कशाला बोलू.

"नाही कळवत," मी म्हणाले. "काका कसे आहेत?"

"मजेत. गाणी म्हणतायत. माझी माणसं बिघडवली त्यांनी."

दोघांनाही ठाऊक असलेली जागा एकच, ते हॉटेल. बाकीच्यांना संग्रहालयाच्या गाइडच्या ताब्यात देऊन मी आत्यांना घेऊन टॅक्सीने परत निघाले. बारीक पावसाची भुरभुर सुरू झाली होती. आत्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, टोप्या आम्हीच बदलल्या, मी आणि तुझ्या काकांनी, ठरवून. भाचा लग्नाचं नाव काढत नाही, आज पहिल्यांदा कुणाशी एवढा बोलला. आणि सुखात काय सगळेच गोड असतात, पोरगी अडचणीत कशी वागते ते बघायचं होतं.

हसावं की रडावं कळेना. हॉटेलच्या दारात तो आणि काका उभेच होते. तिथे मात्र मला राहवलं नाही.

"आत्या, माझी ही पहिली सहल आहे. तुमच्या गमतीपायी माझी हातची संधी गेली असती."

काकांनी हिरवी टोपी काढून हातात धरली. तो आत्याकडे वळून एवढंच म्हणाला, "आत्या, तुझं चुकलं." जन्मभर पोरांना बाकावर उभं करणाऱ्या त्या बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माफी मागितली. अगदी मनापासून. मग काकांना कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेल्या.

हॉटेलवाल्याने न सांगता हमसचं ताट आणून ठेवलं. आत्यांच्या भाच्याने ते माझ्यासमोर सरकवलं.

"आधी तुम्ही."

"दोन तासांत एवढी अक्कल कशी काय आली?"

"माणूस हरवल्यावर येते." तो थांबला. "आम्ही आज संध्याकाळच्या विमानाने परत जातोय. तुम्ही घरी परतलात की... भेटाल?"

"आपल्या कंपन्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"कंपन्यांना म्हणावं, नका बघू. आपण बघू."

मी पिटाचा मोठा घास तोंडात घातला. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. आत्यांनी जाताना काकांकडून परत घेतलेली स्वतःची हिरवी टोपी माझ्या पिशवीत कोंबली.

साहेबांना मी स्वतःच फोन केला. एवढ्या तोंडांतून ही गोष्ट आज ना उद्या पोचणारच, मग आपणच सांगितलेली बरी. टोप्या मोजायचा मंत्र त्यांचाच, त्यामुळे साहेबांना धड ओरडताही येईना. शेवटी म्हणाले, उद्यापासून चेहरे मोज, आणि सहल नीट पुरी करून ये, पुढचीही तुलाच न्यायची आहे.

उद्या कशाला, मी तेव्हाच मोजले. संग्रहालयाबाहेर बसच्या पायरीवर उभी राहून एकेक चेहरा नीट बघितला. ठेकेदारकाका ओशाळं हसले. सगळे होते, कोणी म्हणजे कोणी राहिलं नव्हतं. तरी मला एक कमीच वाटत राहिला. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं... आणि शेवटी फोन लावला.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं. "पुन्हा कोणी राहिलं का?"

"हो."

"कोण?"

"तुम्ही."

पलीकडून आत्यांचा आवाज आला, "अरे, बोल ना काहीतरी."

"विमानतळावर उतरलीस की फोन कर," तो म्हणाला. "न्यायला येतो."