चारशे तेरावी पूड

हेमरगुड्याच्या आरोग्य पथकाबाहेर सकाळी रांग लागायची ती आता गोळ्यांसाठी नव्हे, चकतीला रक्त द्यायला. तळहाताएवढी काचेची चकती. तिच्या केसाएवढ्या नळ्यांतून रोग्याचंच रक्त फिरायचं आणि त्यात त्याच्याच हिवतापाचे जंतू जिवंत ठेवलेले असायचे. वनस्पतीच्या अर्काचा थेंब सोडला की चाळीस मिनिटांत कळायचं, जंतू मेले की नाही. जुन्या गोळ्या हिवतापाने कधीच धाब्यावर बसवल्या होत्या. म्हणून पथकातली संशोधक नलू बोरकुटे दोन वर्षं जंगलातलं एकेक पान, साल, मूळ चकतीला चारत होती. चारशे बारा अर्क झाले. जंतू ढिम्म हलले नाहीत.

चारशे तेरावी पूड पेका पुंगाटीने आणली. पेका गावचा पुजारी. देवाचंही तोच बघायचा आणि दुखण्याचंही. पळसाच्या पानात बांधलेली, भाजून कुटलेली कसलीशी साल, चिमूटभर. चकतीतले झाडून सगळे जंतू मेले! नलूचा आनंद पोटात मावेना. खात्रीसाठी तिने आणखी दोनदा चाचणी घेतली आणि पूड संपवून टाकली. शहाणीच म्हणायची. मग तिने झाडाचं नाव विचारलं. पेका जरा घुटमळला आणि कुडा म्हणाला.

कुड्याची साल पोत्यांनी आली. भाजून झाली, कच्ची झाली, उकळून झाली. एक जंतू मेला असेल तर शपथ. पळसाच्या पानाला चिकटलेल्या कणांवरून झाड ओळखावं, तर भाजण्यात डीएनए जळून गेलेला. नमुन्यांची अदलाबदल केलीत, असं वरून पत्र आलं. नलू तणतणत पेकाच्या घरी गेली, तर तो तापाने फणफणलेला. डोळे पिवळे, ताप डोक्यात चढत चाललेला, उठून जंगलात जायचं त्राण नाही.

त्या पिवळ्या डोळ्यांकडे बघताना तिला आई आठवली. आई मूल गावात काविळीचं औषध द्यायची. झाडपाल्याचं नाव पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही तिने. शेजारणी फार मागे लागल्या की काहीतरी ठोकून द्यायची. नाव घेतलं की गुण जातो! असल्या घरात वाढलेली नलू, आणि कागद पुढे धरून नाव विचारत बसली. तिला स्वतःची लाज वाटली.

"मामा, कुडा नव्हता ना तो?"

"तू पाहुणी. विचारलंस, तर नाही कसं म्हणू?"

"आता खरं सांगा. तुमच्यासाठीच सांगा."

पेकाने दाराशी बसलेल्या सोमरीकडे पाहिलं. त्याची एकुलती एक लेक, कालपासून तिलाही हुडहुडी भरत होती.

"नाव सांगितलं तर हिला औषध लागायचं नाही," तो म्हणाला.

नलूने परोपरीने समजावलं. जंतूला कुठे कान असतात, म्हणाली. पेका ऐकेना, लेकीला वाचवायला तो जिवाच्या आकांताने गप्प राहिला होता. शेवटी नलूला सुचलं, पण फार उशिरा. नाव नका घेऊ, नुसतं दाखवा, असं ती म्हणाली. पेकाने हात उचलला. बोट दाराबाहेर रोखलं, जिथून डोंगरापर्यंत सलग जंगल होतं. मग हात खाली पडला. दुपारच्या आत तो गेला.

त्याला माती दिल्यावर नलू त्याच बोटाच्या दिशेने निघाली. सोमरी घोंगडी पांघरून मागे आली. बापाला साल सोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं, तो एकटाच जायचा. पहिल्या झाडाची साल पाकिटात घालून नलूने सवयीने पेन काढलं.

"नाव लिहू नको, ताई," सोमरी म्हणाली. तिचे दात वाजत होते.

दोन पदव्या घेतलेल्या नलूने मुकाट्याने पाकिटावर नुसता आकडा घातला. एका झाडाला चाळीस मिनिटं. पुढे डोंगरापर्यंत झाडंच झाडं होती. आणि सोमरीच्या हातात दिवस किती होते?