बारा जागांचं रजिस्टर

हेडमास्तर विश्वेश्वरांनी लाल कापडाची गाठ सोडली आणि हात मागे घेतला. आत मुलांच्या नावांचं, शाळेचं जनरल रजिस्टर नव्हतं. बाकं, बादल्या आणि नकाशे यांची नोंद असलेलं डेडस्टॉक रजिस्टर होतं.

जून १९६१. सोमवार, सकाळचे दहा. बेंगळुरातलं बसवनगुडी मागे टाकून बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती सरकारी शाळा. शेजारच्या कारखान्याने तिला छप्पर दिलं होतं, प्रयोगशाळा दिली होती आणि दर वर्षी बारा शिकाऊ कामगारांच्या जागा राखून ठेवल्या होत्या. अट एकच. मुलगा या शाळेत सलग सात वर्षं शिकलेला हवा. त्याचा पुरावा म्हणजे ते गायब झालेलं जनरल रजिस्टर. त्या संध्याकाळी पाचपर्यंत कारखान्याची तपासणी झाली नाही, तर बाराही जागा परीक्षेवरून लावलेल्या खुल्या यादीत जाणार होत्या.

अकरा वाजता फौजदार कल्लाप्पा आला, तेव्हा रजिस्टर गेल्याचं ऐकून शाळेच्या फाटकावर दीडशे माणसं जमली होती. एक दगड त्याच्या सायकलच्या दांडीवर लागला.

"मराठा फौजदार पाठवलाय," कोणीतरी कन्नडमध्ये ओरडलं. "मराठ्यांनाच सोडवायला."

कल्लाप्पा निपाणीकडचा. दोन्ही भाषा त्याच्या घरच्या, आणि दोन्हीकडचे लोक त्याला दुसऱ्याचा समजत. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ऑफिसात कारकून व्यंकोजी कोपऱ्यात बसला होता. गाल सुजलेला. घराणं पाच पिढ्या बेंगळुरात, पण घरात मराठी. एवढं गर्दीला पुरेसं होतं.

"कपाटाच्या किल्ल्या किती?" कल्लाप्पाने विचारलं.

"दोन. एक मास्तरांकडे, एक माझ्याकडे."

"कुलूप?"

"शाबूत आहे. अण्णा, मी घेतलं नाही."

"रजिस्टर शेवटचं कधी पाहिलंस?"

"शनिवारी दुपारी. कारखान्याचे तांबवेकरसाहेब आले होते. मी लाल कापडाचं बासन कपाटातून काढून टेबलावर ठेवलं."

"त्यांनी उघडलं?"

"मला काय ठाऊक? त्यांनी पाणी मागितलं. मी विहिरीवर गेलो. आलो तर मास्तर बासन कपाटात ठेवत होते."

विश्वेश्वरांनी मान डोलवली. शनिवारी गावकऱ्यांचा पुढारी मल्लाप्पा आपली माणसं घेऊन फाटकावर आरडाओरडा करत होता. त्याला शांत करायला ते स्वतः गेले होते. दहा मिनिटं गेली असतील. परत आले तेव्हा तांबवेकर अंगणात जीपमध्ये खोका ठेवत होते.

"कसला खोका?"

"त्यांनी शाळेला हत्यारं आणली होती. ती बघा."

खुर्चीवर कानशी, पान्हे आणि पक्कडी यांचा ढीग पडला होता. एक कानस घरंगळून खाली आली होती.

"खोका कारखान्याचा, परत न्यावा लागतो म्हणाले."

"बासन टेबलावर बांधलेलंच होतं?"

"हो. मी उचललं आणि कुलूप लावलं. उघडून कशाला बघू?"

"आणि तेवढा वेळ मल्लाप्पा फाटकावर?"

"अगदी माझ्या तोंडासमोर उभा होता. हलला नाही."

बाहेर घोषणा वाढल्या. कल्लाप्पाने व्यंकोजीच्या दंडाला धरलं.

"चल. चौकीत."

"अण्णा, मी..."

"इथे राहिलास तर ते तुला जिवंत ठेवणार नाहीत."

व्यंकोजीला बाहेर नेताना लोक थुंकले. त्याने तोंड पुसलं नाही. चौकीची गाडी निघेपर्यंत तो कल्लाप्पाकडे एकटक बघत होता.

मल्लाप्पा फाटकाच्या खांबाला टेकून उभा होता. पन्नाशीचा, खडी फोडून हात राठ झालेले. जिथे कारखाना उभा होता तिथे एके काळी त्याची नाचणी पिकायची. यंदा बारा नावांत त्याच्या मुलाचंही नाव होतं.

"शनिवारी इथे का आलात?"

"कारखान्याचा साहेब येणार म्हणून. आमच्या जागा खाल्ल्या तर बघून घेऊ, हे सांगायला."

"रजिस्टर कुणी नेलं असेल?"

"ज्याला आमची पोरं आत नको आहेत त्याने. तुमच्याच माणसांनी. संध्याकाळपर्यंत रजिस्टर मिळालं नाही तर हे फाटक उद्या दिसणार नाही."

"धमकी देताय?"

"सरी, बरं, धमकी म्हणा."

कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात कल्लाप्पाला वीस मिनिटं बाकावर बसवलं गेलं. समोरच्या फळ्यावर खुल्या यादीतली नावं लावली होती. पहिलं नाव हरी तांबवेकर. मग आतून बोलावणं आलं.

प्रशिक्षण अधिकारी मधुकर तांबवेकर यांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"शनिवारी रजिस्टर पाहिलंत?" कल्लाप्पाने विचारलं.

"नाही. बासन बांधलेलं होतं. तपासणी सोमवारी ठरली होती, मी कशाला उघडू? हत्यारं द्यायला गेलो होतो."

"हरी तुमचा कोण?"

"पुतण्या. साताऱ्याहून आलाय, माझ्याकडे राहतो. परीक्षेत पहिला आलाय. त्यात गुन्हा काय?"

"काही नाही. तुमचा संशय कुणावर?"

"विचारायला हवं का? मल्लाप्पावर. बाहेर स्थानिक-स्थानिक म्हणून बोंबलतो आणि त्याच्याच पोराची सात वर्षं भरत नाहीत. तिसरीत ऑगस्टमध्ये नाव कमी झालं, जानेवारीत पुन्हा चढलं. रजिस्टर गायब झालं तर सुटला कोण? तो. त्याला उचला आणि त्या टोळक्याला माझ्या रस्त्यातून हलवा. तुम्ही आमच्यातले ना?"

कल्लाप्पाने टोपी उचलली. तो पुन्हा शाळेत गेला. विश्वेश्वरांना त्याने एकच प्रश्न विचारला, मग चौकीत जाऊन व्यंकोजीला तोच विचारला. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं. साडेतीनला तो झडतीचा हुकूम आणि दोन शिपाई घेऊन कारखान्यात शिरला.

साडेचारला त्याने सगळ्यांना मॅनेजरांच्या खोलीत बोलावलं. मॅनेजर, विश्वेश्वर, तांबवेकर आणि फाटकावरून आणलेला मल्लाप्पा. मल्लाप्पाला कोणी खुर्ची दिली नाही.

"कुलूप तोडलेलं नाही," कल्लाप्पा म्हणाला, "म्हणून सगळे किल्लीवाल्याच्या मागे लागले. पण चोरी कुलूप लावण्याआधीच झाली होती. शनिवारी मास्तरांनी कपाटात ठेवलं ते ऑफिसातल्या उघड्या फळीवरचं डेडस्टॉक रजिस्टर. बासन टेबलावर असताना आतलं रजिस्टर बदललं गेलं. तेव्हा मास्तर फाटकावर होते. मल्लाप्पा त्यांच्यासमोर होता. व्यंकोजी विहिरीवर होता. खोलीत उरले तांबवेकर."

"मी बासनाला हात लावला नाही," तांबवेकर म्हणाले. "आणि दीड हात लांबीचं रजिस्टर मी खिशात घालून नेलं का?"

"खोक्यातून नेलंत. शाळेला हत्यारं द्यायची आणि ती खुर्चीवर ओतून खोका परत न्यायचा, असं कोण करतं? मॅनेजरसाहेब, असा काही नियम आहे?"

"नाही," मॅनेजर म्हणाले. "खोका हत्यारांबरोबरच देतात."

"हा काय पुरावा झाला?"

"आणखी आहे. मल्लाप्पाच्या मुलाचं नाव तिसरीत कधी कमी झालं आणि कधी चढलं, हे तुम्ही महिन्यांसकट सांगितलंत. मास्तर इथे गेल्या वर्षी आले, त्यांना ते माहीत नाही. व्यंकोजीलाही नाही, मी दोघांना विचारलं. कारखान्याकडे आलेल्या यादीत फक्त नावं आहेत. ते महिने एकाच ठिकाणी लिहिलेत, रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात. न उघडता तुम्ही ते वाचलेत कसे?"

तांबवेकरांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते.

"रजिस्टर नाही तर बारा जागा खुल्या यादीत. यादीत पहिला हरी. वर आळ मल्लाप्पावर, आणि त्याच्या मुलाचा शेरा दाखवून तो सिद्ध करायला लागलंच तर हाताशी असावं म्हणून तुम्ही रजिस्टर जाळलं नाही." कल्लाप्पाने शिपायाला खूण केली. शिपायाने लाकडी खोका टेबलावर ठेवला. "तुमच्या कपाटात मिळालं. वरून नकाशे घातले होते."

तांबवेकर कल्लाप्पाच्या जवळ आले. मग मराठीत, फक्त कल्लाप्पाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हरी यांच्यापेक्षा शंभरपट हुशार आहे. या खडीफोड्यांसाठी आपल्याच माणसाला बुडवलंस."

कल्लाप्पाने दार उघडलं. शिपाई त्यांना घेऊन गेला.

पाचला दहा मिनिटं कमी होती. विश्वेश्वर एकेक नाव काढून वाचू लागले. अकरा मुलांची सात वर्षं भरली. बाराव्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं. ते मल्लाप्पाकडे पाहून म्हणाले, "पाच महिने कमी आहेत."

"अट सलग सात वर्षांची आहे," मॅनेजर म्हणाले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" कल्लाप्पाने मल्लाप्पाला विचारलं.

"होतं. या कारखान्याने जमीन घेतली त्या वर्षी इथे मला काम मिळालं नाही. होसूरच्या खाणीवर गेलो. पोरगं बरोबर नेलं."

"रजिस्टर सापडलं तर त्याची जागा जाणार, हेही ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सकाळपासून सापडायलाच हवं म्हणून कशाला बसलात?"

"बाकीच्या अकरा बापांनी मला पुढे उभं केलंय." त्याने रजिस्टरकडे बोट दाखवलं. "अकरा लिहा. लवकर लिहा, पाच वाजतील."

विश्वेश्वरांनी अकरा नावं लिहिली. मॅनेजरांनी सही केली.

जिना उतरताना कल्लाप्पा म्हणाला, "मुलाची सगळी हकिगत लिहून अर्ज द्या. मी शिफारशीचा शेरा मारतो."

मल्लाप्पा थांबला. "तुमचा शेरा नको. त्या कारकुनाला सोडा आधी. त्याला आमच्या लोकांनी मारलंय, त्याच्या दारात मला जायचंय."

एवढं बोलून तो फाटकाबाहेरच्या गर्दीत शिरला आणि मोठ्याने एकेक नाव सांगू लागला. अकरा झाल्यावर तो थांबला. बारावं नाव कोणी विचारलं नाही.