न घेतलेले नाव

"कुणाचं हाय ते सांग," अंबाजी गावकराने पुन्हा विचारले, आणि अंगणात जमलेल्या अख्ख्या वाडीसमोर रंगूने पोटावरून पदर ओढून मान आणखी खाली घातली.

काय सांगणार होती ती अभागिनी! जंगल सत्याग्रहात फौजदाराचे डोके फुटले, आळ तिच्या नवऱ्यावर, गुणाजीवर आला, आणि त्याचे मुंडासे खाडीत सापडल्यापासून तो बुडाला असेच सारे धरून चालले होते... आणि तो मात्र वाडीमागच्या डोंगरात, एका कपारीत लपून जिवंत होता. मोळीचे निमित्त करून रंगू त्याला भाकरी पोचवायची, त्याच्या छातीवर डोके टेकून घटकाभर सुखाने रडायची. आईला कळू देऊ नकोस, तिच्याने लपवणे व्हायचे नाही, असे त्याने बजावले होते. आता त्या प्रीतीला अंकुर फुटला होता, आणि बापाचे नाव घ्यावे तर ओटीवर बसलेला हवालदार तडक डोंगर चढला असता.

"न्हाय सांगायची," ती पुटपुटली.

"मग ठमाबाय, तुझ्या पोराच्या नावाच्या बांगड्या हिच्या हातात कशाला? फोड, अन् घालव हिला," अंबाजीने तिच्या सासूला फर्मावले.

दुसऱ्याच्या सुनेची अब्रू काढायची म्हटली की आमच्या लोकांना कामधाम सुचत नाही. कुणी वरवंटासुद्धा आणून दिला. प्रेत गावल्याबिगर सुनेच्या बांगड्या फुटू देणार न्हाय, म्हणून आजवर गावाशी भांडलेल्या ठमाबाईनेच तो हातात घेतला. तिने रंगूला झिंज्या धरून खाली पाडले, मारले... रंगूने सारे सोसले. पण मनगट दगडावर दाबले जाताच तिने दोन्ही हात पोटाशी घेतले.

"मला जिती गाडा, आत्याबाय... पर बांगड्या नका फोडू."

वरवंटा थांबला. सुनेच्या डोळ्यांत लाज नव्हती, भय होते, आणि ते स्वतःच्या जिवाचे नव्हते. ठमाबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ओठ हलले... तेवढ्यात हवालदार ओटीवरून उठला.

"थू! हिला शिवून मी का बाटू?" ठमाबाई ओरडली आणि तरातरा घरात गेली. "हिच्या हातचं काय बी नको मला." नाचणीच्या पिठाचे गाठोडे, सुकी मासळी, जाड घोंगडी, एकेक वस्तू अंगणात येऊन पडली.

रंगूने ते उचलले आणि ही शिदोरी कुणासाठी आहे ते तिला उमगले. सासूच्या पायांवर लोळण घ्यावी, असे काळीज आक्रंदत होते, पण हवालदार पाहत होता. डोंगराकडे नजरही न टाकता ती उलट दिशेच्या बोर्ली गावाच्या वाटेला लागली.

मागे ठमाबाई शिव्या देत होती. घसा बसला तरी ती थांबली नाही, कारण थांबली असती तर तिला रडू फुटले असते.